राउटरच्या यूएसबी डिस्कला कोणती फाइल सिस्टिम? (कारखान्याच्या ऑफिससाठी, सोलापूर)

ताना_बाना
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे. ऑफिसात विंडोजचे दोन कॉम्प्युटर, डिझाइन करणाऱ्या ताईंचा मॅक आणि बाबांचा व माझा फोन, एवढा पसारा. नवीन राउटर घेतलाय, त्याला मागे यूएसबी ३.० चं पोर्ट आहे. २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क लावून सगळ्यांना एकाच जागी फाइली मिळाव्यात असा विचार आहे. त्यावर जकार्डच्या डिझाइन फाइली, टॅलीचे बॅकअप आणि गिऱ्हाइकांना दाखवायचे मालाचे व्हिडिओ राहतील.

राउटरच्या सेटिंगच्या पानावर लिहिलंय की एफएटी३२, एक्सएफएटी, एनटीएफएस आणि ईएक्सटी४ या चारही फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवायच्या पद्धती) चालतात. मग निवडायची कुठली? डिस्क आत्ता रिकामी आहे, म्हणून भरायच्या आधीच विचारतोय. अजून दोन गोष्टी सांगून ठेवतो. आमच्या मागावरचा कंट्रोलर डिझाइन पेन ड्राइव्हवरूनच घेतो. आणि आमच्या भागात लाइटीचा भरवसा नाही, वळवाच्या दिवसांत तर दुपारनंतर कधीही जाते.

बाळीवेस
एनटीएफएस करा आणि मोकळे व्हा. विंडोज वाचतं, बरेचसे टीव्ही वाचतात, मोठ्या फाइलींची अडचण नाही. आमच्या घरी तसंच आहे.

शेंगाचटणी
बाळीवेस, डिस्क थेट विंडोजला जोडायची असती तर मीही हेच सांगितलं असतं. पण इथं ती राउटरला जोडायची आहे, आणि घरगुती राउटरच्या आत बहुतेक वेळा लिनक्सच चालतं. सगळं उत्तर इथूनच फिरतं.

नेटवर्कवरून आलेल्या कॉम्प्युटरला डिस्कवरची फाइल सिस्टिम दिसतच नाही. विंडोज असो, मॅक असो, फोन असो, तो राउटरकडे एसएमबीने (नेटवर्कवरून फाइली मागायची पद्धत) फाइल मागतो. राउटर ती डिस्कवरून वाचतो आणि हातात देतो. वाचनालयाच्या काउंटरवर पुस्तक मागताना आतलं कपाट लाकडी आहे की लोखंडी, याच्याशी आपला संबंध येत नाही, तसं. त्यामुळे 'विंडोजला वाचता यावी म्हणून एनटीएफएस' हे कारण राउटरच्या डिस्कला लागू होत नाही. खरा प्रश्न एवढाच: ही डिस्क केबलने कोणाकोणाला जोडली जाणार आहे? फक्त राउटरला जोडणार असाल तर राउटरला जी सर्वांत जवळची, ती द्या. म्हणजे ईएक्सटी४.

आता चारींबद्दल थोडं सविस्तर.

एफएटी३२ आधी बाजूला ठेवा. त्यात एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे. फोनवर फोर-के मध्ये मालाचा मोठा व्हिडिओ काढलात तर तो मावायचाच नाही. शिवाय त्यात जर्नल नाही, म्हणजे काय ते खाली सांगतो.

एक्सएफएटी मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणली. मोठ्या फाइली चालतात, विंडोज आणि मॅक दोघंही वाचतात आणि लिहितात. पण तिची माहिती मायक्रोसॉफ्टने २०१९ पर्यंत खुली केली नव्हती. त्यानंतर लिनक्सच्या ५.४ आवृत्तीत तिचा पहिला ड्रायव्हर (ती वाचता-लिहिता येण्यासाठीचा प्रोग्राम) आला आणि २०२० मध्ये ५.७ मध्ये सॅमसंगने लिहिलेला चांगला ड्रायव्हर आला. तुमच्या राउटरमधलं लिनक्स त्याहून जुनं असेल तर कंपनीने बाहेरून ड्रायव्हर आणून बसवलेला असतो. आणि जर्नल इथंही नाही.

एनटीएफएसची लिनक्सवरची गोष्ट अशीच उशिराची. बरीच वर्षं एनटीएफएस-३जी नावाचा ड्रायव्हर वापरात होता. तो कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बाहेर चालतो, त्यामुळे राउटरच्या लहानशा प्रोसेसरला प्रत्येक फाइलीमागे जास्त राबावं लागतं. पॅरागॉन कंपनीचा ड्रायव्हर २०२१ मध्ये ५.१५ आवृत्तीत कर्नलमध्ये आला. ईएक्सटी४ मात्र डिसेंबर २००८ च्या २.६.२८ पासून आहे, लिनक्सच्या घरातलीच आहे आणि तिला बाहेरचा ड्रायव्हर लागत नाही.

आता लाइट जाण्याबद्दल, कारण तुमच्याकडे निवड यावरच ठरणार. एक फाइल लिहायची म्हणजे डिस्कवर एका जागी लिहून भागत नाही. फोल्डरच्या यादीत नाव चढवायचं, कुठले ब्लॉक वापरले त्याची नोंद करायची, मोकळ्या जागेचा हिशेब बदलायचा आणि खुद्द मजकूर लिहायचा. यातलं अर्धं झालं आणि लाइट गेली की नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. जर्नल असलेली फाइल सिस्टिम 'मी आता हे हे बदलणार आहे' असं आधी एका राखीव जागी लिहून ठेवते. लाइट परत आली की राउटर ती नोंद वाचून अर्धवट राहिलेलं काम पुरं करतो किंवा सोडून देतो, आणि डिस्क पुन्हा उघडते. हे सगळं तुम्ही काहीही न करता होतं.

एनटीएफएसलाही जर्नल आहे, ती त्या बाबतीत कमी नाही. अडचण लिनक्सच्या बाजूने येते. डिस्कची जोडणी अचानक तुटली की डिस्कवर 'अस्वच्छ' अशी खूण राहते, आणि २०२१ चा तो ड्रायव्हर अशी डिस्क जबरदस्ती केल्याशिवाय जोडत नाही. मग डिस्क काढा, विंडोजला लावा, चेकडिस्क चालवा आणि परत आणा. महिन्यातून कितीदा करणार?

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. जर्नल फाइल सिस्टिमला सांभाळतं, तुमच्या फाइलीला नाही. लाइट गेली त्या क्षणी जी फाइल चढत होती ती अर्धवट राहू शकते. ती परत कॉपी करावीच लागेल.

ताना_बाना
एवढं सविस्तर सांगितल्याबद्दल मनापासून आभार. 'केबलने कोणाला जोडणार' असा विचारच केला नव्हता. डिस्क राउटरवरून हलणार नाही, मागावर जाणार तो पेन ड्राइव्ह वेगळा.

जुळे_सोलापूरकर
थांबा, मला हे पटलेलं नाही. राउटर जळाला तर काय? आमच्या गल्लीत वीज पडल्यावर बऱ्याच घरांतले राउटर आणि सेट-टॉप बॉक्स एकदम गेले. अशा दिवशी ऑफिसातला माणूस काय करणार? डिस्क काढून सरळ विंडोजला लावणार. विंडोजला ईएक्सटी४ कळत नाही, ते विचारतं की 'ही डिस्क वापरायच्या आधी फॉरमॅट करायची का?' आणि घाईत कोणी 'हो' दाबलं की वर्षांची डिझाइनं गेली. एनटीएफएस असती तर हा धोका उरत नाही. कारखान्यात कॉम्प्युटर जाणणारा माणूस रोज हजर नसतो, हेही धरा की.

शेंगाचटणी
दादा, तुमचा मुद्दा अगदी खरा आहे. माझ्या मते ईएक्सटी४ च्या विरोधात असलेला सर्वांत मोठा मुद्दा हाच. त्यावर तीन उपाय सांगतो, आणि तिसरा सोडून चालणारच नाही.

एक, डिस्कवर ठळक मराठीत चिठ्ठी चिकटवा: 'राउटरची डिस्क. कॉम्प्युटरला लावू नये. फॉरमॅट विचारलं तर नाही म्हणावं.' दोन, उबुंटू किंवा लिनक्स मिंटचा चालू होणारा पेन ड्राइव्ह करून ऑफिसात ठेवा. कुठलाही कॉम्प्युटर त्यावरून सुरू केला की ईएक्सटी४ डिस्क सरळ उघडते, कॉम्प्युटरमधल्या विंडोजला धक्का लागत नाही. विंडोज ११ वर डब्ल्यूएसएलमधूनही (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) अशी हार्ड डिस्क जोडता येते, फक्त पेन ड्राइव्ह त्या मार्गाने जोडता येत नाही. पण ते जाणकाराचं काम.

तीन, दुसरी प्रत. राउटरवरची डिस्क ही सगळ्यांनी वापरायची डिस्क आहे, ती बॅकअप नाही. आठवड्यातून एकदा तिच्यावरचं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवा. ती दुसरी डिस्क एक्सएफएटी करा म्हणजे राउटर जळाला त्या दिवशी विंडोजवर असो की मॅकवर, लगेच उघडेल. आणि ती कारखान्यात ठेवू नका, घरी न्या. वीज पडली तर त्याच बोर्डाला लागलेल्या दोन्ही डिस्का सोबतच जातील.

एवढं केलं की तुमची चिंताही मिटते आणि रोजच्या लाइट जाण्यातून डिस्कही सावरत राहते. पण दुसरी प्रत ठेवणारच नाही म्हणत असाल तर कोणतीच फाइल सिस्टिम तुम्हाला वाचवणार नाही.

जुळे_सोलापूरकर
दुसरी प्रत घरी, हे पटलं. ती असेल तर ईएक्सटी४ ला माझी हरकत नाही.

होटगीची_लेक
मी पुण्यात असते, आई-बाबा होटगी रोडला. त्यांचा राउटर जुना आहे. त्याला एक पेन ड्राइव्ह लावलाय, त्यावर फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ. बाबा तोच काढून टीव्हीला लावतात, बघून झालं की परत राउटरला. शेंगाचटणी, तुमच्या हिशेबाने यांना काय लागेल? माझ्या मॅकवरून मी तो आधी एनटीएफएस करायला गेले, पण मॅक एनटीएफएस नुसती वाचतो, लिहीत नाही.

शेंगाचटणी
ताई, तुमच्याकडे तीच डिस्क तीन ठिकाणी फिरते, म्हणून उत्तर बदलतं. इथं ईएक्सटी४ नको, टीव्हीला ती कळेल याची खात्री नाही आणि मॅकला तर कळतच नाही. आधी राउटर आणि टीव्ही दोघांच्या माहितीपत्रकात एक्सएफएटी आहे का बघा. दोघांत असेल तर एक्सएफएटी. राउटरला ती येत नसेल तर एफएटी३२, पण ४ जीबीहून मोठा व्हिडिओ तोडून ठेवावा लागेल. अजून एक, विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वरच्या पेन ड्राइव्हला एफएटी३२ चा पर्याय दिसत नाही. म्हणून तो होत नाही असं समजू नका, मॅकच्या डिस्क युटिलिटीतून होतो.

दोन्हींत जर्नल नाही, तेव्हा बाबांना एवढी सवय लावा की पेन ड्राइव्ह उपसण्याआधी राउटरच्या पानावरून 'सुरक्षित काढा' दाबायचं. त्यांना ते जमणार नसेल तर राउटर बंद करून मग काढायचा. पण तेव्हा त्यावर काही कॉपी होत नाहीये ना, हे आधी बघायचं. आणि खरं सांगू का, राउटरमध्ये मीडिया सर्व्हर असेल तर तो चालू करून बघा. टीव्ही वाय-फायवरूनच व्हिडिओ दाखवेल, पेन ड्राइव्ह हलवायचं कामच उरणार नाही, आणि मग फाइल सिस्टिम हवी ती ठेवा.

एमआयडीसी_केबलवाला
मी कारखान्यांत नेटवर्क जोडून देतो. या धाग्यातलं फाइल सिस्टिमचं सगळं बरोबर आहे, पण मला येणाऱ्या फोनांपैकी निम्म्यांत गडबड भलतीकडेच असते.

पहिली, विजेची. यूएसबी २.० चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं आणि ३.० चं ९००. पोर्टेबल हार्ड डिस्क फिरायला लागताना सर्वांत जास्त वीज ओढते. पोर्टाला ती पुरवता आली नाही की डिस्क टक-टक करते, दिसते, गायब होते, परत दिसते. लोक तीन-तीनदा फॉरमॅट करून बघतात. फॉरमॅटने काय होणार ओ? स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घाला किंवा एसएसडी लावा.

दुसरी, यूपीएस. राउटरसाठी १२ व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात, ऑफिसात तो बसवाच. फक्त लक्षात ठेवा, डिस्क आपली वीज राउटरमधूनच घेते. म्हणजे यूपीएसवर राउटरचा भार अधिक डिस्कचा भार. नुसत्या राउटरच्या अडॅप्टरवरचा आकडा बघून घेतलेला यूपीएस डिस्क फिरायला लागली की कमी पडतो.

तिसरी, वाय-फाय. यूएसबी ३.० च्या केबलमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर कागद काढला होता. डिस्क राउटरला चिकटून ठेवली आणि त्यानंतर लांबच्या खोलीतला फोन अडखळायला लागला, तर हे कारण असू शकतं. चांगल्या शिल्डची केबल घ्या, डिस्क अँटेनापासून लांब सरकवा, जवळची उपकरणं ५ गिगाहर्ट्झवर न्या. काही राउटरमध्ये तेच पोर्ट यूएसबी २.० म्हणून चालवायचा पर्याय असतो, तोही वापरता येतो.

चौथी, ऊन. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि पत्र्याखालच्या ऑफिसात त्याहून वाईट. डिस्क आणि राउटर एकावर एक ठेवू नका. माळ्यावर पत्र्याला लागून तर मुळीच नको.

बाळीवेस
केबलवाले, एनटीएफएसने वेग किती पडतो ते पण सांगा. माझ्याकडं तर मला काही हळू वाटत नाही.

एमआयडीसी_केबलवाला
तुमच्या राउटरची लॅन पोर्टं १०० मेगाबिटची असतील तर फरक कळणारच नाही. १०० ला ८ ने भागा, सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, हातात पडताना त्याहूनही थोडं कमी. त्या नळातून एनटीएफएस आणि ईएक्सटी४ दोन्ही सारखीच वाहणार. गिगाबिट पोर्ट आणि यूएसबी ३.० असेल तेव्हा प्रोसेसर दमतो आणि ड्रायव्हरचा फरक दिसायला लागतो. यूएसबी २.० चे कागदावरचे ४८० मेगाबिट म्हणजे ६० मेगाबाइट, प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी.

हां, अजून एक. जुन्या राउटरला जोडलेली डिस्क विंडोज १० किंवा ११ वर दिसतच नसेल, तर फाइल सिस्टिम बदलू नका. तो राउटर एसएमबीची पहिली, जुनी आवृत्ती बोलत असणार. २०१७ च्या अखेरीस आलेल्या विंडोज १० च्या अपडेटपासून नव्या कॉम्प्युटरवर ती बसवलेलीच नसते. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय त्याच दारातून जगभर पसरला होता, तेव्हा ते दार परत उघडायला मी कोणालाच सांगत नाही. राउटरचं फर्मवेअर नवं करा, नाहीतर राउटर बदला.

जात्यावरची
माझा प्रश्न या धाग्यात बसतो का माहीत नाही. मी सोलापूर आणि मंगळवेढ्याकडच्या आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करते. फाइलीच्या नावातच गाव, बाईंचं नाव, ओवीची पहिली ओळ आणि तारीख असं सगळं मराठीत लिहिते, म्हणजे नंतर शोधता येतं. घरच्या राउटरवर भावाने ईएक्सटी४ ची डिस्क लावून दिली. बऱ्याच फाइली चढल्या, पण काही चढेनात, 'नाव फार लांब आहे' म्हणतं. त्याच फाइली लॅपटॉपवर वर्षभर विनातक्रार आहेत. रेकॉर्डिंगं परत मिळणारी नाहीत हो, त्यातल्या काही आज्या आता नाहीत. डिस्क खराब आहे का?

शेंगाचटणी
ताई, डिस्क चांगली आहे आणि तुमच्या फाइलीही सुखरूप आहेत. प्रश्न धाग्यात नक्की बसतो. मराठीत नावं देणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं असं मला वाटतं, कारण इंग्रजी मदतपानांवर ही अडचण सहसा नसतेच.

ईएक्सटी४ मध्ये एका नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, म्हणून त्यांना २५५ अक्षरं मिळतात आणि मर्यादा कधी जाणवत नाही. आपल्या देवनागरीत यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची एक पद्धत) प्रमाणे प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे आपल्याला मिळतात ८५ चिन्हं. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळी वेगळी मोजली जातात. 'सोलापूर' डोळ्यांना चार अक्षरं, मोजणीत ७ चिन्हं, २१ बाइट. 'क्षेत्र' दोनच अक्षरं दिसतात, पण तेही ७ चिन्हं आणि २१ बाइटच. देवनागरी अंकालाही ३ बाइट. त्यामुळे गाव, नाव आणि ओवीची अख्खी ओळ म्हटलं की ८५ सहज ओलांडतं.

लॅपटॉपवर एनटीएफएस आहे. तिथं मर्यादा २५५ चीच, पण ती यूटीएफ-१६ च्या एककांत मोजतात आणि देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे एकच एकक. एक्सएफएटीचंही तसंच. म्हणून तीच नावं तिथं बसली.

उपाय सोपा आहे. २५५ ची मर्यादा एकेका नावाला आहे, पूर्ण मार्गाला नाही. गावाचा एक फोल्डर, त्यात बाईंच्या नावाचा फोल्डर, आत फक्त तारीख आणि ओवीचे पहिले चार-पाच शब्द. तारीख इंग्रजी अंकांत लिहिलीत तर जागाही वाचते आणि फाइली आपोआप क्रमाने लागतात. पूर्ण ओळ, बाईंचं वय, कोणी सांगितली ही माहिती त्याच फोल्डरमध्ये एका साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवा, तिथं लांबीची अडचण नाही. लॅपटॉपवरच्या मूळ फाइली मात्र सगळं नीट चढून, एकेक ऐकून बघेपर्यंत पुसू नका. आणि या संग्रहाच्या दोन नव्हे, तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावात.

होटगीची_लेक
जात्यावरची, तिसरी प्रत ठेवायला पुण्यात माझं घर आहे. व्यनि करते.

जात्यावरची
खूप खूप धन्यवाद दोघांचेही. मोजून बघितलं, अडलेली सगळी नावं ८५ च्या पुढचीच निघाली.

रात्रपाळी
माझ्याकडे १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅमचा राउटर आहे, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) टाकलंय. पॅकेज बसवायला जागाच उरत नाही, म्हणून पेन ड्राइव्हवर एक्स्ट्रूट करायचंय, म्हणजे राउटरच्या सिस्टिमची जागा पेन ड्राइव्हवर वाढवायची. ईएक्सटी४ घेऊ की एफ२एफएस? कोणी म्हणतं पेन ड्राइव्हला एफ२एफएसच पाहिजे. बीटीआरएफएसचंही ऐकलंय. शिवाय दुसरा एक एफएटी३२ पेन ड्राइव्ह आहे, त्यावरची मराठी नावं राउटरवर सगळी प्रश्नचिन्हं दिसतात.

शेंगाचटणी
एक्स्ट्रूटला एफएटी, एक्सएफएटी नाहीच चालणार. तिथं लिनक्सच्या परवानग्या आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या नोंदी) लागतात, त्या त्यांच्यात नाहीत. एफ२एफएस सॅमसंगने फ्लॅशसाठीच लिहिली, २०१३ मध्ये ३.८ कर्नलमध्ये आली, आणि ती चालते. तरी मी ईएक्सटी४ सांगेन. पेन ड्राइव्हच्या आतला कंट्रोलर झीज वाटून घ्यायचं काम कमी-जास्त स्वतःच करतो, आणि काही बिघडलं तर ईएक्सटी४ ची दुरुस्तीची साधनं जास्त मुरलेली आहेत. माउंट करताना (डिस्क सिस्टिमला जोडताना) 'नोएटाइम' लावा म्हणजे नुसती फाइल वाचली तरी वेळेची नोंद लिहिली जाणार नाही, आणि सतत वाढणारे लॉग पेन ड्राइव्हवर लिहू देऊ नका.

पॅकेजं: ब्लॉक-माउंट, यूएसबी स्टोरेजचं केमॉड (कर्नलचा जोड-भाग), ईएक्सटी४ चं केमॉड आणि ई२एफएसप्रॉग्स. एफस्टॅबमध्ये (कुठली डिस्क कुठं जोडायची ती यादी) पेन ड्राइव्ह यूयूआयडीने (त्याच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाने) ओळखा. दुसरा पेन ड्राइव्ह लावला की 'एसडीए', 'एसडीबी' ही नावं अदलाबदल होऊ शकतात. प्रश्नचिन्हांसाठी एनएलएस-यूटीएफ८ चं केमॉड बसवा आणि माउंटच्या पर्यायांत यूटीएफ८ सांगा, नावं नीट दिसतील.

बीटीआरएफएस मला आवडते, चेकसम (मजकूर बदलला का ते पडताळायचा आकडा) ठेवते, फाइल सडली तर ती लपवत नाही. पण एकाच डिस्कवर ती बिघाड दाखवेल, मजकूर दुरुस्त करायला दुसरी प्रत कुठून आणणार? आणि १२८ एमबी रॅममध्ये तिला कोंडू नये. रॅमचंच अजून एक: मोठ्या ईएक्सटी४ डिस्कची पूर्ण तपासणी एवढ्या रॅममध्ये अडकू शकते. ती राउटरवर न करता लिनक्स कॉम्प्युटरला लावून करा.

शेअरवर लिहिताना 'परवानगी नाही' आलं तर घाबरू नका. नव्या ईएक्सटी४ चा मूळ फोल्डर रूटच्या (सिस्टिमच्या मुख्य युजरच्या) मालकीचा असतो. शेअरसाठी आत वेगळा फोल्डर करून त्याची मालकी शेअरच्या युजरला द्या.

ताना_बाना
मंडळी, काम झालं. राउटरच्याच पानावरून ईएक्सटी४ फॉरमॅट केलं. दोन्ही विंडोज, मॅक आणि बाबांच्या फोनवर शेअर उघडतो. चिठ्ठी चिकटवली. यूपीएस केबलवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही भार धरून घेतला. काल दुपारी लाइट गेली तेव्हा तो बसायचा होता, तरी लाइट आल्यावर डिस्क आपोआप उघडली. जी फाइल चढत होती तेवढीच परत टाकावी लागली. मागासाठी एफएटी३२ चा लहान पेन ड्राइव्ह वेगळा केलाय, त्यावर त्या दिवशीचीच डिझाइनं.

दोन शंका राहिल्या. टॅलीचा चालू डेटाच या डिस्कवर ठेवला तर दोन्ही कॉम्प्युटरवरून वापरता येईल का? आणि २ टीबीच्या डिस्कवर जागा बरीच कमी दिसते, ती कुठं गेली?

एमआयडीसी_केबलवाला
टॅलीचा चालू डेटा तिथं ठेवू नका, बॅकअपच ठेवा. हिशेबाचं सॉफ्टवेअर सतत बारीक-बारीक लिहीत असतं. वाय-फाय एक क्षण तुटलं किंवा राउटर रीस्टार्ट झाला की नोंद मधेच अर्धी राहते, आणि तिथं फाइल सिस्टिमचं जर्नल कामाला येत नाही. डेटा एका कॉम्प्युटरवर ठेवा, दुसरा केबलने त्याला जोडा, आणि रोज संध्याकाळी बॅकअप राउटरच्या डिस्कवर.

शेंगाचटणी
जागेचं असं: डिस्कवाले २ टीबी म्हणजे दोन लाख कोटी बाइट धरतात, कॉम्प्युटर १०२४ च्या पटीत मोजतो, म्हणून १.८२ च्या आसपास दिसते. शिवाय ईएक्सटी४ मूळ सेटिंगमध्ये ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते, २ टीबीवर ते जवळपास १०० जीबी होतात. ज्या डिस्कवर सिस्टिमच चालते तिथं ती राखीव जागा हवी, नुसत्या फाइलींच्या डिस्कला १ टक्का पुष्कळ. डिस्क राउटरच्या पानावरून सुरक्षित काढा, लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करा आणि ट्यून२एफएस या आज्ञेला 'एम' पर्यायात १ द्या. डिस्क पुन्हा फॉरमॅट करावी लागत नाही, आतल्या फाइली तशाच राहतात. तरी आधी घरच्या डिस्कवर या आठवड्याची प्रत उतरवून घ्या, मग हात लावा.